पुढचं फाटक

मच्छिंद्र वाळुंज देवळाली प्रवराच्या कॉलेजात टेनिस शिकवायला आला, तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, हा कुस्तीतलाच काहीतरी प्रकार असणार.

गडी पारनेरकडचा. लहानपणी नगरच्या एका जुन्या क्लबात चेंडू वेचायचा, विशीत तिथलाच मार्कर झाला. मार्करनं पगार घेऊन सभासदांशी खेळायचं, त्यांचा घाम काढायचा आणि शेवटी बेतानं हरायचं. पगार घेतो म्हणून स्पर्धांत मज्जाव. अडुसष्ट साली मोठ्या स्पर्धा धंदेवाईक खेळाडूंनाही खुल्या झाल्या. तोवर त्यानं तिशी ओलांडली होती, तरी नोकरी लाथाडून तो निघाला. कलकत्ता, दिल्ली, मग दोन उन्हाळे विलायत. फार नाव झालं नाही, पण मुद्दाम म्हणून तो पुन्हा कधी हरला नाही. गुडघा कामातून गेला तेव्हाच परतला.

बहात्तर साली पाऊस नव्हता. कोर्टावर मारायला पाणी मिळेना, पोरं धुरळ्यात खेळायची. त्यांतच कारभारी पाटलांची मनकर्णा होती. चेंडू असा हाणायची, की समोरची पोरं मागं सरायची. लोक नावं ठेवायला लागले तेव्हा मच्छिंद्र तिच्या घरी गेला आणि पाटलांना म्हणाला, की लोकांच्या तोंडाकडं बघायचं का पोरीच्या हाताकडं, ते तुमी ठरवा. पाटलांनी चहा मागवला.

कॉलेजांच्या स्पर्धेत मनकर्णा फायनलला पोचली. सामना नगरला, त्याच क्लबात.

फाटकाशी सेक्रेटरी उभे होते. त्यांनी मनकर्णाला हसून आत घेतलं आणि मच्छिंद्रला ओळखून म्हणाले, "वाळुंज, तुझी वाट मागून आहे. क्लबाचा नियम तुला सांगायला नको."

"मी कॉलेजचा कोच हाय, साहेब."

"असशील. पण आमच्याकडं तू मार्कर होतास."

मच्छिंद्रनं आवाज चढवला नाही. मागून येणार नाही, एवढंच त्यानं सांगितलं, आणि फाटकासमोर रस्त्यावर उभा राहिला. मनकर्णा पाच पावलं गेली होती, ती माघारी आली.

"सर, तुमी न्हाई तर मी बी न्हाई."

"वेडी का काय तू? लोकांसाठी मी लई हरलोय. माझ्यासाठी कुनी हरायचं न्हाई. ह्ये भांडण माझं हाय, मॅच तुजी हाय. जा."

ती गेली. तो उन्हात उभा राहिला. सभासदांच्या मोटारी त्याच्या शेजारून आत जात होत्या, ओळखीचे चेहरे काचेआडून बघून न बघितल्यासारखं करत होते. एका म्हाताऱ्या कर्नलांनी गाडी थांबवली, माझा पाहुणा म्हणून चल म्हणाले. त्यानं त्यांना नमस्कार केला, पण तो हलला नाही. पाहुणा म्हणून जायचं असतं तर मागचं दार काय वाईट होतं?

मेंदीच्या कुंपणापलीकडून चेंडूचा आवाज येत होता. मनकर्णा घाईत आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून कळलं, आणि तो मुठी आवळत राहिला. पहिला सेट तिनं घालवला. दुसऱ्यात आवाज संथ, जड झाला, तेव्हा त्याला बरं वाटलं. तिसऱ्याच्या शेवटी टाळ्या पडल्या. कुणासाठी, ते कळेना. मग त्याच्याच कॉलेजच्या पोरांचा कल्ला ऐकू आला.

थोड्या वेळानं सेक्रेटरी स्वतः बाहेर आले. प्रमुख पाहुण्यांनी मुलीचा कोच कुठंय म्हणून विचारलं होतं. फोटो काढायचा होता. त्यांनी फाटक सताड उघडलं आणि म्हणाले, "या, वाळुंज सर."

"मॅच बघायला आल्तो, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "ती झाली."

सेक्रेटरी एकटेच आत परतले. शेवटी फोटो त्याच्याविनाच झाला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी त्याला बोलावलं. क्लबाचा अपमान झाला, दोन ओळींची माफी लिहून द्या, म्हणजे मिटेल, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. मच्छिंद्र म्हणाला, "माफी न्हाई. राजीनामा पायजे तर आत्ता देतो." प्रिन्सिपॉल खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाली मैदानात कारभारी पाटलांनी मळ्यातून पाण्याच्या टाकीची बैलगाडी आणून लावली होती, आणि मनकर्णा बादलीनं कोर्टावर पाणी शिंपडत होती.

"राहू द्या," प्रिन्सिपॉल म्हणाले. "जा तुम्ही, पोरं खोळंबलीत."