संजनाच्या निबंधाखालची प्रतिक्रिया

विनया मराठी शिकवायची, पण शाळेत संगणकाला न घाबरणारी तीच एक, म्हणून शाळेचा ब्लॉग तिच्याच गळ्यात पडला. साल दोन हजार सात.

"नीट बघून निवड," मुख्याध्यापिका फ्लॉसी टीचर म्हणाल्या होत्या. "मुलांचं लिखाण आहे."

विनयाने ब्लॉगसाठी दोन सेवा पाहिल्या. एकीत शिक्षकाने वाचून होकार दिल्याशिवाय कुणाची प्रतिक्रिया दिसत नसे, पण शाळेतल्या मशीनवर तिच्यात मराठीऐवजी नुसते चौकोन उमटत. दुसरीत मराठी झकास दिसे, फक्त कुणीही काहीही लिहिलं की ते लगेच सगळ्यांसमोर. आपल्या पोरांचं वाचायला येतंय कोण, असं म्हणून तिने दुसरी घेतली.

एका रविवारी नालासोपाऱ्यातल्या सायबर कॅफेत तिने ब्लॉग उघडला. आठवीतल्या संजनाने खाडीकाठच्या खाजणातून शाळेत येणाऱ्या वाटेवर निबंध लिहिला होता. त्याखाली नाव न देता कुणीतरी लिहिलं होतं, 'छान लिहितेस. या वाटेने एकटीच येतेस का? सकाळी किती वाजता?'

निबंधाखाली पोरीचं पूर्ण नाव, वर्ग, गाव, सगळं होतं. विनयानेच घातलं होतं. ते काढायला तिने पासवर्ड टाकला आणि तेवढ्यात लाइट गेली.

"कधी येईल?"

"आता संध्याकाळीच, मॅडम," कॅफेवाला म्हणाला.

तोवर थांबवेना. रिक्षा करून ती संजनाच्या घरी गेली. आई, कृष्णाबाई, अंगणात मासळी वाळत घालत होती. विनयाने अडखळत सगळं सांगितलं.

"कोन आहे तो?"

"माहीत नाही."

"आनि पोरीचं नाव तुमीच लिवलंत?"

"हो."

कृष्णाबाईने हातातली मासळी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "उद्यापासून मी येते तिच्यासंगं." तिने विनयाला बसायलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी लाइट आली तशी विनयाने निबंध उतरवला. सोमवारी फ्लॉसी टीचरांनी ऐकून घेतलं आणि ब्लॉग बंद करायला सांगितला. विनयाने केला. पण ते चौकोन तिच्या डोक्यातून जाईनात. संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या ॲन्सेल्मला तिने विचारलं, तर कळलं की दोष त्या सेवेचा नव्हताच. शाळेच्या जुन्या मशीनवर मराठीची सोयच चालू केलेली नव्हती; दुसरी सेवा आपली अक्षरं स्वतःच सोबत आणायची, म्हणून तिच्यात ती दिसत. त्याने सीडी घालून ती करून दिली. आधी एवढंच विचारलं असतं तर, हे तिला दिवसभर टोचत राहिलं.

तिने फ्लॉसी टीचरांना पहिली सेवा उघडून दाखवली.

"आडनाव नाही, गाव नाही," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येक शब्द आधी तू वाचायचा. चुकलीस तर पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस."

तो माणूस कोण, ते कधीच कळलं नाही. कृष्णाबाई शाळा सुटायला फाटकाशी उभी असायची आणि विनया दिसली की मान फिरवायची.

नव्या ब्लॉगवर पहिली प्रतिक्रिया आली ती शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीची. साधं कौतुक होतं. विनयाने ते पुन्हापुन्हा वाचलं, नाव हजेरीच्या जुन्या पुस्तकात शोधून काढलं, आणि मगच होकाराचं बटण दाबलं.