पहिल्या उकळीचा चहा

"हा चहा आहे की कपबश्या विसळलेलं पाणी?" बाबा कपात डोकावून पुटपुटले. शेजारी बसलेल्या मला तेवढं ऐकू यावं इतपतच. सासऱ्यांच्या तक्रारी सुनेनं ऐकायच्या आणि निस्तरायच्याही तिनंच, अशी आमच्या घरची वाटणी आहे.

बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. गेल्या वर्षी हात थरथरायला लागला, चिमट्यातून बारीक स्क्रू निसटून फरशीवर हरवायला लागले, तेव्हा दुकानाला कुलूप लावून ते वर आले ते कायमचेच. आता हाक मारायच्या आधीच चहाच्या टेबलाशी येऊन बसतात. भांग पाडून, शहाण्या मुलासारखे. आणि समोर येतो तो सासूबाईंच्या हातचा हा फिकट, कच्चट चहा.

"आईच्या जिभेची चव गेली गं," नवरा मला म्हणाला. "वय झालं आता."

"मग सांगा की त्यांना."

"मी? तू सांग."

"मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही सांगितलंत तर काळजी."

यावर त्याला एकदम आंघोळीची आठवण झाली.

म्हणून कुणीच बोललं नाही. कधीमधी आईंची पाठ वळलीच, तर मी बाबांचा आणि नवऱ्याचा कप गुपचूप पातेल्यात ओतायचे, पुन्हा उकळायचे आणि गाळणं धुऊन जागच्या जागी ठेवायचे. असल्या लपवाछपवीपेक्षा चोरी बरी म्हणायची.

मग परवा सकाळी आईंचा गुडघा धरला. त्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या, आणि चहा मी केला. आलं ठेचून घातलं, पाण्याला चांगला रंग चढू दिला, दूध ओतल्यावरही दोनदा वर येऊ दिला. बाबांनी घोट घेतला आणि डोळेच मिटले.

"वा! किती दिवसांनी चहा प्यायलो!"

म्हणाले, आणि जीभ चावली. नवऱ्याला मात्र आयती संधी सापडली. "आई, उद्यापासून सकाळचा चहा हिच्याकडेच दे ना. तू बस की निवांत."

शेंग सोलणारी बोटं थांबली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहतेय, सकाळचं ते पातेलं त्यांनी कुणाला धरू दिलेलं नाही. मला बाळंतपणानंतर स्वयंपाकघर दिलं, किल्ल्या दिल्या. पातेलं नाही.

"का रे? माझ्या चहाला काय झालं?"

नवरा पंख्याकडे बघत राहिला. मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तसं नाही गं," शेवटी बाबाच म्हणाले. "पण दुकान होतं तेव्हा कसा करायचीस! तांबूस, दाट. घसा शेकून निघायचा. हल्ली तो हात राहिला नाही तुझा."

"हात तोच आहे," आई म्हणाल्या. "तेव्हाचा चहा तिसऱ्यांदा गरम केलेला असायचा."

"म्हणजे?"

"पहिली हाक मारली की जिन्याखालून 'आलोच'. दुसरीला 'एवढा काटा बसवतो'. तिसरीला तर उत्तरच नाही. पहिल्यांदाच नीट उकळला तर तुम्ही येईपर्यंत त्याचा काढा व्हायचा. म्हणून पहिल्या उकळीला उतरवायला शिकले. पुढचं उकळणं तुमच्या उशिरासाठी ठेवायचं."

मला ते टेबल आठवलं. एक कप रिकामा, दुसऱ्यावर पालथी बशी, आणि खिडकीकडे तोंड करून बसलेल्या आई. मी नवी होते तेव्हा वाटायचं, यांना एकटीनं चहा प्यायला आवडतो.

बाबांनी समोरचा कप किंचित बाजूला सारला. बशीवर तो किणकिणला.

"मग आता पहिल्यांदाच उकळत जा की नीट," ते म्हणाले. "मी इथंच बसलेला असतो ना आता."

"रोज ठरवते. पण उकळी दिसली की हात आपोआप गॅस बंद करतो."

आईंनी शेंगेतले दाणे वाटीत टाकले. आवाज जराही चढलेला नव्हता; भाजी काय करायची ते सांगावं तसा.

"हाताला तुमची वाट बघायची सवय आहे अजून. मी मात्र ती केव्हाच सोडली, अहो."