सीवच्या टेबलावरचा म्हातारा

“पऱ्या केल्यास, जलपऱ्या केल्यास, पण दरवर्षी हा एक म्हातारा असतोच तुझ्या टेबलावर,” शेजारी केशरभाताच्या वड्या मांडता मांडता बिरगित म्हणाली. “कोण गं हा? नवरा तर तू केलाच नाहीस.”

“नवऱ्यापेक्षा बरा. घोरत नाही,” सीव म्हणाली आणि बाहुल्याच्या कपाळावरचा कुरळा पुंजका सुईने आणखी दोनदा टोचून घट्ट बसवला.

गॉटलंड बेटावरच्या या लोकरीच्या जत्रेत सीव बाहुल्या घेऊन बसत आली ती ऐन तिशीपासून. आता सत्तरी आली. डोकं आणि हात मातीचे, अंग लोकर टोचून टोचून घट्ट केलेलं, आणि केस बेटावरच्या करड्या मेंढ्यांचे, मुळातच कुरळे. एकीसारखी दुसरी बाहुली तिने कधी केली नाही. फक्त हा एक चेहरा दर हिवाळ्यात पुन्हा व्हायचा, आणि तोही दरवेळी एका वर्षाने म्हातारा.

तो आल्रिक होता. तरुणपणी बोटीवर नोकरी धरून गेला, ‘पुढच्या उन्हाळ्यात येतो’ म्हणाला आणि तिकडे कॅनडात संसार थाटून बसला. सीवने कुणापाशी रडगाणं गायलं नाही. माती भिजवायची आणि अंदाज बांधायची: आता डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या असतील, आता गाल बसले असतील. फोटो तिच्याकडे नव्हता. बोटं आपली चालायची. वेडेपणाच होता तो, पण त्याचा कुणाला उपद्रव नव्हता.

यंदा आल्रिक खरोखरच आला होता. त्याचा थोरला भाऊ रूने, मेंढ्यांपलीकडे दुसरा संसार नसलेला, गेल्या आठवड्यात वारला. दफनाच्या वेळी चर्चमध्ये सीवला आल्रिकची नुसती पाठ दिसली होती. तो जत्रेत येणार हे तिला कळलं होतं. त्याने बाहुला बघावा आणि स्वतःला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. इतकी वर्षं आपल्याला कुणी जपलं हे त्याला कळू दे, मग तो खुशाल परत जाऊ दे.

तो आला. गोबरे गाल, पुढे आलेलं पोट आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. ज्याला ती दरवर्षी निगुतीने एकेक केस लावत होती, तो चक्क टकला! सीवला हसू आलं आणि रडूही.

“काय सीव, भातुकली चालूच का अजून?”

“चालू आहे. तू मात्र चांगलंच बाळसं धरलंस.”

तो मोठ्याने हसला. मग त्याची नजर बाहुल्यावर गेली आणि तो हसायचा थांबला. त्याने दोन्ही हातांनी बाहुला उचलला.

“अगं, हा तर आमचा दादा!”

“कोण?”

“रूने गं! हा खालचा ओठ बघ, आत ओढलेला. मेंढ्या मोजताना अस्साच ओढायचा. आणि हा कान! हुबेहूब केलायस.”

सीवने बाहुल्याकडे पाहिलं. खरंच होतं. दर शरद ऋतूत रूने तिच्या दारात यायचा, सगळ्या कळपातले सर्वांत सुंदर पुंजके स्वतः निवडून. खालचा ओठ आत ओढून तो ते तिच्या ओंजळीत मोजून द्यायचा. ती विचारायची, “आल्रिकचं पत्र?” तो म्हणायचा, “नाही आलं.” आणि तरी थोडा वेळ उभाच राहायचा. जन्मभर तिने त्याला दारात उभं ठेवून तेवढंच विचारलं. ‘बस’ म्हणून कधी म्हटलं नाही. बोटांना जे दिसत होतं, ते तिच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, आणि आता तो मातीआड गेला होता.

“हा मला दे,” आल्रिक म्हणाला. “घरी नेतो. दादाची आठवण राहील.”

“नाही.”

“अगं, सख्खा भाऊ होता माझा!”

“होता ना. पण हा नाही द्यायची मी.” तिने जलपरी त्याच्यापुढे केली. “नात असेल ना तुला, तिला ही ने. छान आहे.”

आल्रिक बाहुला हळूच खाली ठेवून जलपरी घेऊन गेला. बिरगितने एक वडी सीवपुढे सरकवली.

सीवने शेजारच्या खुर्चीवरचं सामान खाली उतरवलं, बैठक हाताने झटकली आणि बाहुला तिथे ठेवला.

गिऱ्हाइकं येत राहिली. दुपारी एका बाईने वाकून विचारलं, “तो खुर्चीतला केवढ्याला?”

“तो विकायचा नाही,” सीव म्हणाली. “तो बसलाय.”