तीन बोटांची मूठ

मोजपट्टीने पडद्याजवळ जाऊन चित्रातल्या मुलीच्या उजव्या हातावर बोट टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजलं. पाच.

"हिला पाच बोटं कुणी दिली?"

खोलीत सहा माणसं होती. संगणकावरच्या या नव्या खेळाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मोजपट्टी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं तो संगणकावरच्या खेळांसाठी तलवारी काढत होता; कधी न झालेल्या युद्धांच्या, कुठेच नसलेल्या राज्यांच्या. कागदावरची प्रत्येक तलवार तो आधी लाकडात करी, तिला शिसं बांधी आणि हातात धरून पाही. खिशात मोजपट्टी कायमची. नव्या मुलांना तो सांगे, राक्षस खोटा असला तरी चालतो, त्याला मारणाऱ्याचं मनगट खरं हवं. पातं आधी काढू नका. आधी हात काढा, मग मूठ. पातं मागाहून आपोआप सुचतं.

या खेळातली मुलगी होडी चालवणारी होती. दोरखंडात अडकून तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, असं कथेतच होतं. आता तलवारीची खरी पकड असते ती याच दोन बोटांत. हातोडा धरून ती दोन बोटं उचलून पाहावीत, लगेच कळतं. ती नसतील तर तलवार हलकी हवी, मूठ अरुंद हवी, तिचं बूड जड हवं आणि तर्जनी अडकवायला कडी हवी. हे मोजपट्टीला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ते त्याला थोरल्या बहिणीने शिकवलं.

ताईची तीच दोन बोटं धुलाईच्या कारखान्यात, चादरी दाबणाऱ्या रुळांत गेली होती. तीन रविवार ती त्याच्या स्वयंपाकघरात बसली आणि ओल्या मातीचा गोळा दाबून त्याला पकडीचे ठसे देत राहिली. पहिल्या रविवारी तिने टोमणा मारलाच, की धड हातांची माणसं संपली का रे जगातली? दुसऱ्या रविवारी तीच त्याच्यावर चिडू लागली. ओझं पुढे गेलं की मनगट पडतं, किती वेळा सांगू, सुरीसुद्धा मागून जड लागते. तिसऱ्या रविवारी तिने लाकडी तलवार हवेत तीनदा फिरवली आणि म्हणाली, ही धरवते. कशालाही चांगलं म्हणायची तिला सवय नव्हती, त्यामुळे एवढं पुष्कळ झालं. खेळात हा हात असाच दिसेल, असा शब्द त्याने तिला दिला होता.

आणि काल त्याच्यापुढे तलवारीचा शेवटचा आराखडा सहीसाठी आला. पातं तळहाताएवढं रुंद, मुठीवर काटे, बुडाशी कवटी. तो त्यावरून भांडायला आला होता. हातापायांसकट पूर्ण मुलगी त्याने आज पहिल्यांदाच पाहिली.

खेळातली शरीरं घडवणारी एक तरुण बाई होती, पुतळेवाली. तिने मान खाली घालून काय झालं ते सांगितलं. संगणकात शरीराची एकच बाजू घडवतात आणि दुसरी आरशासारखी उलटवून घेतात, वेळ वाचतो. तिने डावी बाजू घडवली, आणि धड डावा हात उजवीकडे उमटला. मग पाच बोटं त्या अरुंद मुठीतून आरपार जाऊ लागली, म्हणून कुणीतरी मूठ जाड केली. जाड मुठीपुढे पातं किडकिडीत दिसायला लागलं, म्हणून ते रुंद केलं. रुंद पातं ओकंबोकं वाटलं, म्हणून काटे आले. काट्यांच्या मागून कवटी आली.

"इतकं सगळं सुचलं," मोजपट्टी म्हणाला, "फक्त बोटं मोजायचं सुचलं नाही."

पुतळेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा राग तिच्यावर नव्हता, पण ते सांगण्याइतका तो शांतही नव्हता.

साहेब समजुतीच्या सुरात बोलले. मुलगी देखणी झाली आहे, खेळणारे तलवार बघतात, करंगळी नाही. शिवाय चालणं, वळणं, वार करणं, सगळं याच हातावर बसवून झालं आहे. एवढ्यासाठी मागे फिरायचं का?

मोजपट्टीने टेबलाखालून एक तलवार काढली. आराखड्यात होती तशीच, हुबेहूब. पातळ फळीला लोखंडी पट्ट्या ठोकून त्याने सकाळीच ती केली होती. पोलादाची भरली असती तेवढ्याच वजनाची, साडेचार किलोची. एका हाताने चालवायची खरी तलवार सव्वा-दीड किलोच्या वर क्वचित जाते.

"धरा, साहेब. हात सरळ ठेवून."

साहेबांनी हसत धरली. पंधरापर्यंत मोजायच्या आत टोक खाली आलं आणि चहाचा कप आडवा झाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"तिचा हात दुखत नसतो," ते म्हणाले. "ती चित्रातली आहे."

"बघणाऱ्याचा दुखला पाहिजे. नाहीतर तलवार कशाला, झाडू द्या तिच्या हातात."

साहेब कवटी काढायला तयार झाले. पातंही जरा बारीक करू म्हणाले. हात मात्र आहे तसाच राहील. उद्या सकाळपर्यंत सही द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाची घेऊ.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. सांगताना उभाच होता, मध्येच भिंतीवर मूठ आपटत होता. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला हसू येईल, बरं झालं, त्या मुलीला तरी पाच मिळाली म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, की मुद्दाम केलं का?

"नाही गं. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

ताईचा हात घडीवर थांबला.

"माझ्या वेळी मालकही हेच म्हणाला होता. रुळांपुढची जाळी निघाली होती आठवडाभर, कुणाच्या लक्षात आली नाही." तिने अर्धी घडी तशीच टाकली. "मुद्दाम केलं असतं तर भांडून तरी टाकलं असतं. उद्या किती वाजता निघतोस?"

तो म्हणाला, तू कशाला, मी बघतो काय ते. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वेळ सांगून टाकली.

सकाळी ती त्याच्यासोबत त्याच खोलीत आली. ही माझी थोरली बहीण, एवढंच मोजपट्टी म्हणाला. साहेब उठले. पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू चेहऱ्यावर आणून त्यांनी हात पुढे केला. ताईने उजवा दिला.

साहेबांची नजर खाली गेली. त्यांनी हात मागे घ्यायला जरासा ओढला. तो सुटला नाही.

"बसा ना," ते म्हणाले.

ताई उभीच राहिली. अंगठा आणि दोन बोटं त्यांच्या हाताभोवती होती, आणि दाबाने तिची नखं पांढरी पडली होती.