फ्रान्सची पदवी कोहमाऱ्यात

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात माझी विक्री झाली, म्हणून माझ्या कळा फ्रेंच पद्धतीच्या. 'ए'च्या जागी 'क्यू' बसलेला. पहिल्या मालकाने विकल्यावर मी चेतनाकडे आलो. तिचे वडील योगराज कोहमाऱ्याला महामार्गावर ढाबा चालवतात. ती शिष्यवृत्ती मिळवून व्यवस्थापनाची पदवी घ्यायला ल्योंला आली होती.

तिनं मला फार राबवलं, पण मायेनं. एका बिस्किट कारखान्याचा माल दुकानांत उशिरा का पोचतो, हे तिनं माझ्यावरच शोधून काढलं. कारखान्यानं तिचा उपाय स्वीकारला, तेव्हा तिनं ओढणीनं माझा पडदा पुसला.

व्हिसा संपला आणि आम्ही कोहमाऱ्याला आलो. तिला एका अमेरिकन कंपनीच्या हैदराबाद कार्यालयात नोकरी हवी होती. त्याआधी तशाच इतर कंपन्यांच्या मुलाखती माझ्या पडद्यावर झाल्या. समोरचे विचारत, "ही एमबीए आहे का? हे कॉलेज कोणतं?" ती समजावून सांगे. ते हसून मान हलवत, आणि पुढे नकार येई.

मग तिनं मला मिटलं. मी तांदळाच्या पोत्यावर पडून राहिलो. कळांत धूळ गेली.

"काऊन वो, अर्ज करनं सोडलं का?" योगराजनी विचारलं.

"माह्या पदवीले या अमेरिकन कंपन्यायमंधी कोणी ओळखत नाही, बाबा."

तरी आधीच केलेल्या अर्जावर हैदराबादच्या मुलाखतीचं बोलावणं फोनवर आलं, तेव्हा तिनं मला उघडलं. कंपनीच्या बाईंनी पदवीबद्दल तोच प्रश्न केला. या वेळी चेतनानं सरळ विचारलं, "माझ्या पदवीत तुम्हाला काय कमी वाटतं?"

बाई म्हणाल्या, "कमी काही नाही. आमच्याकडे ते नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि न ऐकलेल्या नावावर माणूस घ्यायला आम्ही कचरतो."

"मग मला तुमचं एखादं अडलेलं काम द्या. ते बघून ठरवा."

त्यांनी काम पाठवलं. माझी बॅटरी म्हातारी, त्यात वीज सारखी जाई. चेतना मला ढाब्याच्या इन्व्हर्टरला लावून ट्रकांच्या गोंगाटात बसली. मी तापलो, दोनदा अडकलो, पण बंद पडलो नाही.

तिनं काम पूर्ण करून पाठवलं, ते त्यांना पटलं आणि नोकरी मिळाली. जागा मागितली होती त्याहून एक पायरी खालची. चेतनानं ती घेतली, पण वर्षभरात पुन्हा विचार करण्याचं कंपनीकडून कबूल करून घेतलं.

"मानलं का मंग अमेरिकेवाल्यायनं तुयी पदवी?" योगराज म्हणाले.

"पदवीचं मालूम नाही, बाबा. मले मानलं."

कंपनीनं तिला नवा लॅपटॉप दिला. मी ढाब्याच्या गल्ल्याजवळ असतो. योगराज माझ्यावर लेकीशी बोलतात आणि रोज फडकं मारतात. मित्रांनो, अनोळखी नावाचं काही हाती आलं, तर बाजूला टाकण्याआधी एकदा सुरू करून बघा.