हात सोडायची जागा

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी नॉर्वेतल्या क्वेर्नमू गावच्या स्की क्लबात तोरदिस आणि गेर्ड यांचं वजन व्हायचं, आणि तेही शिकारी मंडळाच्या, एल्क हरणाचं मांस तोलायच्या काट्यावर. तेवीस हिवाळे हे असंच चाललं होतं. दोघी कोट आणि बूट काढून, एकमेकींना कोपरखळ्या मारत त्या लोखंडी फळीवर चढायच्या, आणि क्लबातली पुरुषमंडळी "यंदा मांडी कुणाच्या वाट्याला?" असले पाचकळ विनोद करून घ्यायची. दोघींच्या वजनात दोन किलोंपेक्षा जास्त फरक नसला की झालं. मग अख्खा हिवाळा क्लबच्या पोरापोरींच्या स्कींना कुठलं मेण लावायचं ते ह्या दोघी ठरवायच्या.

ठरवायची रीत साधी. मेणखोलीच्या मागे टेकडी आणि टेकडीच्या उतारावर बर्फात शेजारी शेजारी कापलेल्या दोन चाकोऱ्या. एकीच्या पायात एका मेणाच्या निळ्या स्की, दुसरीच्या पायात दुसऱ्या मेणाच्या पिवळ्या. वरून दोघींनी हातात हात धरून निघायचं, म्हणजे वेग सारखा. लाल फडकं बांधलेल्या बर्चच्या झाडापाशी आलं की हात सोडायचा आणि गुडघे वाकवून, अंग चोरून, काही न करता खाली घसरत जायचं. जी पुढे गेली तिचं मेण चांगलं. मग स्कींची अदलाबदल करून पुन्हा एकदा, म्हणजे शंका नको. वजन सारखं हवं ते एवढ्यासाठीच, कारण जड माणूस उतारावर आपसूक पुढे जातो. मागे एकदा हलकीच्या पाठीवर वाळूची पिशवी बांधून बघितली होती, पण पिशवी डुलते आणि सगळंच बिघडतं.

यंदा गेर्ड सहासष्ट किलो भरली. तोरदिस चौऱ्याहत्तर.

"काटा बिघडलाय," तोरदिस म्हणाली.

"काटा कशाला बिघडेल? तुझा नवरा बिघडलाय," गेर्ड म्हणाली, आणि सगळे हसले.

खरंच होतं ते. तोरदिसचा नवरा ओडवार मे महिन्यात लाकूड गिरणीतून निवृत्त झाला आणि त्याला भट्टीचा नाद लागला. रोज सकाळी दालचिनीचे बन. माणूस आयुष्यात पहिल्यांदा काही प्रेमाने करून वाढतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? तोरदिसने खाल्ले. ते सगळे आता काट्यावर दिसत होते.

"मी चढून बघू का?" मागून आवाज आला.

ही हेगे. वसंतात ट्रॉनहाइमहून इथल्या शाळेत शिकवायला आलेली, चाळिशीची, पाठ ताठ, दात पांढरे. तरुणपणी मोठ्या शर्यती मारलेली. फ्लोरिन घातलेल्या वेगवान मेणावर बंदी आल्यापासून क्लबातले जुने डबे फुकट गेले होते, आणि नव्या मेणांतलं हेगेला जेवढं कळत होतं तेवढं गावात कुणालाच कळत नव्हतं. शिवाय स्वभावाने चांगली. तोरदिसला तेच सगळ्यात जास्त खुपायचं. निदान आखडू तरी असायची, म्हणजे मनमोकळा राग तरी करता आला असता.

हेगे साडेपासष्ट भरली. काटासुद्धा मेला कसा पटकन थांबला.

"मग प्रश्नच मिटला," क्लबचा अध्यक्ष म्हणाला. "गेर्ड आणि हेगे वर. तोरदिस खाली, लिहायला."

गेर्डने तोरदिसकडे पाहिलं. "चालेल ना गं तुला?"

"मला काय धाड भरलीय? उलट गुडघ्यांची सुटका झाली माझ्या," तोरदिस म्हणाली, आणि घरी येऊन ओडवारच्या बनांचा अख्खा ट्रे पक्ष्यांना टाकला.

खाली उभं राहणं म्हणजे काय ते तिला आजवर माहीत नव्हतं. हातात वही, पेन्सिल गळ्यात दोरीने बांधलेली, नाकाचा शेंडा गार. वरून दोन ठिपके निघायचे आणि त्यांच्यामध्ये तो हात. हेगेचा हात गेर्डच्या हातात. मग बर्चपाशी तो सुटायचा आणि दोघी सूं करत तिच्यासमोरून जायच्या. "कोण?" गेर्ड ओरडायची. "निळी पुढे, अर्धी स्की!" तोरदिस ओरडायची आणि लिहायची. मग त्या दोघी स्की खांद्यावर टाकून गप्पा मारत वर चढायच्या. काय बोलत असतील? तेवीस वर्षांत आपण दोघी त्या चढणीवर काय बोललो नाही? गेर्डच्या घटस्फोटाचा निर्णय त्या चढणीवर झाला होता. ओडवारच्या हृदयाच्या दुखण्याचं तोरदिस पहिल्यांदा तिथेच बोलली होती. आता तिथे ट्रॉनहाइमचं काहीतरी चाललेलं, आणि गेर्ड खदाखदा हसतेय! तोरदिसच्या पोटात असं काही पेटायचं की मोजे ओले असूनही तिला थंडी वाजायची नाही.

"हेगेला विनोद छान जमतात," एकदा गेर्ड थर्मासमधून कॉफी ओतताना म्हणाली.

"हो ना. शिक्षिकाच ती. चौथीतल्या पोरांना हसवायची सवय."

"तोरदिस."

"काय तोरदिस? छानच म्हणाले ना मी."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी हाउगसेत्राला जिल्ह्याची रिले शर्यत. क्लबच्या चार मुलींच्या संघाचा गेल्या वर्षी चार सेकंदांनी तिसरा नंबर हुकलेला. शेवटच्या टप्प्याला गेर्डची नात तिरिल, सोळा वर्षांची. पोरीने उन्हाळाभर डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कींवर घाम गाळला होता, ढोपरं फोडून घेतली होती. मेण नीट बसलं तर यंदा पदक, असं सगळं गाव म्हणत होतं.

तोरदिस मात्र त्या रविवारचा विचार करत नव्हती. तिचा डोळा आदल्या शनिवारवर होता, शेवटच्या चाचणीवर. तोवर वजन उतरवायचं. पाच आठवडे तिने सलगम आणि कोबीचं पाणी प्यायलं. ओडवारने एकदा भीत भीत विचारलं, "आवडेनासे झाले का गं बन?" तर ती त्याच्या अंगावर खेकसली, आणि त्या बिचाऱ्याने भट्टी बंद करून टाकली. अठ्ठावन्न वर्षांची बाई प्रेमात पडल्यासारखी उपाशी राहत होती, आणि कशासाठी, तर दुसऱ्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा हात धरायला. हे तिचं तिलाही दिसत होतं. दिसलं म्हणून थांबता येतं थोडंच?

शनिवारी दुपारी ती सगळ्यांच्या आधी मेणखोलीत आली. इस्त्रीखाली वितळणाऱ्या मेणाचा वास कोंडला होता. हेगे आणि गेर्ड शिरल्याबरोबर तोरदिस बूट काढून काट्यावर चढली.

अडुसष्ट.

"दोन किलोंचा फरक," ती म्हणाली. आवाज शांत ठेवायचं ठरवलं होतं, पण तो चिरकला. "नियमात बसते मी."

गेर्ड तिच्या गळ्याकडे, सैल पडलेल्या कातडीकडे बघत राहिली. "अगं, जेवतेस की नाही तू?"

"नियमात बसते की नाही ते सांग."

हेगेच पुढे आली. तोरदिसच्या गळ्यातली पेन्सिल काढून घेत म्हणाली, "बसतेस की. जा तुम्ही दोघी. मी लिहिते खाली."

सामना सरळ होता. पिवळ्या स्कींवर गेर्ड-तोरदिसचं जुनं, बंदीनंतर कसंबसं जुळवलेलं मिश्रण. निळ्यांवर हेगेचं. पहिल्या फेरीला तोरदिसच्या पायात निळ्या.

वर उभं राहून तिने हातमोज्यातला हात पुढे केला आणि गेर्डने तो घेतला. तोच हात. तोरदिसला रडूच येणार होतं. दोघी निघाल्या. बर्च आला, फडकं आलं, हात सुटला, आणि तिच्या पायाखालच्या निळ्या स्की सुसाट पळाल्या. असलं मेण तिने आयुष्यात पायाखाली घेतलं नव्हतं. खाली हेगे वही धरून उभी होती. आता ही जिंकणार. उद्या पदक हिचं, पुढचा हिवाळा हिचा, चढण हिची, गेर्डही हिचीच.

तोरदिसने पाठ सरळ केली. वीतभरच. वारा छातीवर बसला आणि गेर्डच्या पिवळ्या स्की शेजारून पुढे सरकल्या.

"पिवळी, अर्धी स्की," हेगे म्हणाली आणि लिहिताना क्षणभर थबकली.

चढण चढताना दोघी काही बोलल्या नाहीत. तोरदिसला ही फेरी नकोशी झाली होती, कारण आता अदलाबदल. निळ्या स्की आता गेर्डच्या पायात. गेर्ड सुसाट पुढे जाणार आणि सगळं बाहेर पडणार. ती जमेल तेवढी खाली वाकली, हनुवटी गुडघ्याला टेकवली. हात सुटला. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. गेर्ड पुढे गेली नाही. मागे पडली, अर्धी स्की.

"नक्की?" हेगेने विचारलं. दोघींकडे आळीपाळीने बघत तिने पुन्हा विचारलं, "नक्की ना? पिवळीच?"

"पिवळी," गेर्ड म्हणाली. "मुलींच्या स्कींना पिवळीचं लावा."

तोरदिसने स्वतःची समजूत घातली. म्हणजे निळं मेण तेवढंसं नव्हतंच. आपण उभ्या राहिलो ते काय, वीतभर तर. त्या दिवशी तिने ओडवारला भट्टी लावायला सांगितली आणि उभ्या उभ्या तीन बन खाल्ले.

रविवारी हाउगसेत्राला तिरिल शेवटच्या टप्प्यावर निघाली तेव्हा संघ दुसरा होता. मग आला लांब उतार. लोक कुंपणाला टेकून बघत होते. तिरिल अंग चोरून, अगदी शिकवल्यासारखी खाली वाकलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दुसऱ्या क्लबांच्या पोरी जागच्या जागी उभं असलेल्या माणसाला ओलांडावं तशा पुढे निघून गेल्या. एक. दोन. तीन. चार. संघ सहावा आला.

"स्की घसरतच नव्हत्या गं आजी," तिरिल म्हणाली. तिच्या पापण्यांवर बर्फ साचला होता, की रडत होती, कळत नव्हतं. "मी काही चुकले का?"

"नाही. तू काही चुकली नाहीस," गेर्ड म्हणाली आणि नातीच्या पायातल्या स्की स्वतः सोडवल्या.

हेगे मुलींना संत्री वाटत राहिली.

संध्याकाळी मेणखोलीत गेर्ड स्की घासत होती. तोरदिस आली तशी तिने वर न बघता विचारलं, "किती उभी राहिलीस?"

तोरदिस दारातच थांबली.

"खोटं बोलू नकोस. तू हात सोडतेस तेव्हा करंगळी सगळ्यात शेवटी सोडतेस. तेवीस वर्षं. काल दुसऱ्या फेरीला झटकलास. तेव्हाच कळलं मला, पहिल्या फेरीला हिने काहीतरी केलंय."

"वीतभर," तोरदिस म्हणाली. "पण दुसऱ्या फेरीत तू... निळ्या तर तुझ्या पायात होत्या."

"हो."

"मग?"

गेर्डने ब्रश खाली ठेवला. "मग काय? मी पुढे गेले असते तर तू हेगेसमोर उघडी पडली असतीस. वही घेऊन उभी होती ती. मीही उभी राहिले. वीतभर नाही, चांगली हातभर."

तोरदिसला बसायला काही सापडेना. ती काट्याच्या फळीवरच बसली. लाजेने कान तापले होते, आणि त्या लाजेच्या खाली, लपवायचं म्हटलं तरी लपेना असा, आनंद. माझ्यासाठी! नातीची शर्यत घालवली हिने माझ्यासाठी! हेगेसाठी केलं असतं का? पाच आठवडे कोबीचं पाणी पिऊन जे हवं होतं ते हेच होतं.

"तिरिल तुझी नात आहे गं," ती कशीबशी म्हणाली.

"माझी नात कोण ते मला माहितीये. घरी गेल्यावर तिला तोंड दाखवायचंय मला." गेर्डचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पुढच्या शनिवारी हेगे येईल वर."

"मी परत असं करणार नाही. शप्पथ."

"तू नाही करणार. मी करीन." गेर्ड तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "हेगे मागे पडली तर पडू दे, मला काही वाटत नाही. मी आपली खाली बघून जाते. तुला मी मागे पडू देणार नाही, तोरदिस. आणि ज्याला मागे पडू देता येत नाही त्याच्याबरोबर ही चाचणी होत नाही. ती पोरगी विचारत होती, मी चुकले का म्हणून."

तोरदिसने हात पुढे केला. गेर्डने तो धरला नाही. पुढची स्की उचलून घासायला घेतली.

हेगेला तोरदिसने मंगळवारी शाळेबाहेर गाठून स्वतः सांगितलं. हेगे म्हणाली, "दिसलं होतं मला. दोघी उभ्या राहिलेल्या दिसल्या," आणि पर्समधून दोरीची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

शनिवारी तोरदिस वही घेऊन खाली उभी होती. जळफळाट तर होताच. तो असा आठवड्यात जायचा नव्हता. वरून दोघी निघाल्या, हातात हात. बर्चपाशी लाल फडकं फडफडत होतं. तिथे गेर्डने हेगेचा हात सोडला, पटकन, पाचही बोटं एकदम, दाराची कडी सोडावी तसा. दोघी खाली वाकून आल्या.

"कोण?" गेर्ड ओरडली.

"निळी," तोरदिस ओरडली, "एक अख्खी स्की!" आणि जशी दिसली तशी लिहिली.