एक्केचाळीस नंबरचं वळण

ताईचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. तिचं घर मोठं, नवरा शांत, केस अजून काळे. हे सगळं मी गिळलं. पण सात वर्षांपूर्वी एक्केचाळीस नंबरची बस माझ्या गल्लीतून काढून तिच्या दारावरून नेली, ते काही केल्या गिळता आलं नाही. त्या बसबरोबर आईही गेली.

गुरुवार माझा सुट्टीचा दिवस, आणि तेव्हा आईचा माझ्याकडे येण्याचा. आता ती ताईकडे जाते. गुडघ्यांमुळे मध्ये बस बदलणं तिला जमत नाही, आणि कुणी आणायला गेलेलं खपत नाही. येईन तर माझी मी येईन, परतताना हवं तर सोडा, असा तिचा खाक्या.

ताईने आमच्या डेपोत कुणाचे तरी कान भरले असणार, हे मी धरूनच चालले होते. यंदा माझी बदली मार्ग विभागात झाली. उपनगरातले बसमार्ग कसकसे बदलत गेले, ते डेपोच्या पन्नाशीच्या पुस्तिकेसाठी लिहून काढा, असं साहेबांनी सांगितलं. मी सगळ्यात आधी एक्केचाळीसची फाइल ओढली.

ताईचा अर्ज वगैरे काही नव्हता. मोजणीचा एक कागद होता. आमच्याकडे मोजणी गुरुवारी असते. माणूस थांब्यावर उभा राहून चढणारे मोजतो. उतरणारे मोजत नाहीत. दिवसात बाराच्या खाली चढले, की थांबा गेला.

माझ्या थांब्यावर अकरा चढले होते.

आई तिथे उतरायची, चढायची कधीच नाही. संध्याकाळी बसचे धक्के नकोत म्हणून मीच तिला स्कूटरवरून घरी सोडायचे. ताईला कुठलं एवढं सुचायला? तिच्याकडून आई आपली बसनेच परत जाते. बारावी आईच होती, आणि तिला मीच उचलून नेलं होतं.

फाइलमध्ये शेवटी ताजा शेरा होता. येत्या गुरुवारी ताईच्या थांब्यावर मोजणी; बाराच्या खाली गेल्यास बस जुन्या मार्गाने. मागच्या मोजणीत तिथे बरोबर बारा चढले होते.

बुधवारी ताईचा फोन आला.

"अगं, गाडी घेतली आम्ही."

दुखायचं ते दुखलंच.

"आईला बसमध्ये बसवून परत फिरताना मला फार वाईट वाटायचं गं," ती म्हणाली. "तू कशी दारापर्यंत सोडायचीस तिला. खरं सांगू? हेवा वाटायचा तुझा. उद्यापासून मीच सोडणार."

मोजणीचं अगदी जिभेवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं.

"छान," मी म्हणाले. "सोड की. दर गुरुवारी सोड."